वहीच्या कागदाची परीक्षा

जून महिना उजाडला म्हणजे परभणींतील पुस्तकांच्या दुकानांत वह्यांच्या थप्प्या छतापर्यंत चढतात, आणि त्यांतून आपल्या मुलांसाठीं वह्या निवडतांना चांगलीं शिकलींसवरलीं माणसेंहि एकच गोष्ट पाहतात, ती म्हणजे वेष्टनावरचें चित्र. फार झालें तर पानें मोजतात. कागद कोणी बोटांत चोळून पाहत नाहीं, उजेडापुढें धरीत नाहीं, पाठीची शिवण उलगडून बघत नाहीं. जोंधळा घेतांना दाणा दातांखालीं फोडून पाहणारा आणि कापूस विकतांना त्याचा तंतु बोटांनीं ओढून दाखविणारा हा आमचा जिल्हा. कागदाच्या बाबतींत मात्र त्याची पारख कोठें हरवली, हें कोडेंच आहे. ती पारख एके काळीं होती, आणि ती आमच्याच मुलखांतल्या माणसांनीं लिहून व करून ठेवलेली आहे. तिचा मागोवा घ्यावा आणि मग आजच्या वहीकडे वळावें, असा या लेखाचा बेत आहे.

परभणीच्या शेजारच्या जालना जिल्ह्यांतलें जांब हें समर्थ रामदासांचें (१६०८–१६८१) जन्मगांव. त्यांच्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास सगळा लेखनक्रियेला दिलेला आहे. तो समास आमच्याकडे भक्तिभावानें वाचला जातो, पण लेखनाच्या साहित्याची यादी म्हणून तो फारसा कोणी वाचीत नाहीं. समर्थांनीं कागद दाट घ्यावयास सांगितला आहे आणि त्याला खळ जपून, बेतानें द्यावी असें बजावलें आहे. सुऱ्या, कातऱ्या, खळीचें व घोटण्याचें सामान, देशोदेशींचे बोरू, हिंगूळ, वाळवून ठेवलेली शाई, सारें संग्रहीं हवें. पान अगोदर शिशानें आंखावें, ओळींतलें अंतर कमीजास्त होऊं देऊं नये, आणि तरुणपणींच्या तीक्ष्ण नजरेच्या भरंवशावर फार बारीक अक्षर काढूं नये, कारण म्हातारपणीं तें आपल्यालाच वाचतां येत नाहीं. या सर्वांत आम्हांला सर्वांत मार्मिक वाटलेली सूचना समासाची आहे. पानाच्या चारी बाजूंनीं जागा मोकळी सोडून मधोमध लिहावें, म्हणजे कागद कडेनें झडला तरी अक्षराला धक्का लागत नाहीं. पुस्तक कडेकडून मरत येतें, हें ज्यानें अनेक जुनीं बाडें हातांत धरून पाहिलीं त्यालाच सुचेल. शेवटीं मेणकापड, बासनें, पेट्या आणि कुलुपेंहि सांगितलीं आहेत.

कागद दाट असावा आणि खळ बेताची असावी, हें म्हणणें कोणत्या कागदाविषयीं होतें? आमच्या मुलखापुरतें बोलावयाचें तर दौलताबादी कागदाचें नांव प्रथम घ्यावें लागतें. दौलताबादेहून खुलताबादेस जाणाऱ्या वाटेवर कागदीपुरा म्हणून गांव आहे. महंमद तुघलकानें १३२७ च्या सुमारास आपली राजधानी दिल्लीहून देवगिरीस हलविली, त्या लोंढ्याबरोबर कागद करणारे कारागीर आले, अशी तेथली परंपरा आहे. पश्चिमेकडे जुन्नरचा कागद असाच नांवाजलेला होता. कृति सर्वत्र साधारण एकच होती. ताग, जुनीं गोणपाटें, दोरखंडें व चिंध्या चुन्याच्या पाण्यांत भिजत घालावयाच्या, ढेंकीखालीं कुटावयाच्या, वाहत्या पाण्यांत धुवावयाच्या, आणि पुन्हां चुना, पुन्हां कुटणें. असा लोण्यासारखा झालेला लगदा हौदांत कालवून गवताच्या काड्यांच्या बारीक चटईवर उचलला कीं एक ताव होई. ओले ताव लिंपलेल्या भिंतीवर चिकटवून वाळवीत, मग गव्हाची अथवा तांदुळाची खळ लावीत, आणि अखेर गुळगुळीत दगडानें घोटून घोटून त्यावर तुकतुकी आणीत.

या कृतींतल्या दोन गोष्टी वाचकांनीं लक्षांत ठेवाव्या. तागाचा तंतु लांब असतो आणि कुटूनहि तो पुरता तुटत नाहीं. त्यामुळें ताव चिवट होतो. दुसरें असें कीं वारंवार दिलेल्या चुन्याचा अंश तंतूंत मुरून राहतो, आणि पुढें हवेंतून अथवा शाईंतून जें आम्ल कागदाला लागतें तें हा चुना मारीत राहतो. कागद्याला आम्लाचें शास्त्र ठाऊक नव्हतें. पण त्याचा ताव तीन-तीनशें वर्षें टिकला, याचें निम्मे कारण त्या चुन्यांत आहे. खळीचा गुण आणि दोष दोन्ही उघड आहेत. खळ कमी पडली तर शाई फुटते. जास्त झाली तर ताव ताठर होऊन घडीवर मोडतो आणि कसरीला मेजवानी मिळते.

लेखकाच्या हातून चूक झाली तर तो खोडीत नसे. अक्षरावर पिवळी हरताळ फासून त्यावर नवें अक्षर काढी. जुना कागद पिवळसर असल्यानें तो डाग डोळ्यांत खुपत नसे. आज एखाद्याच्या कष्टांवर 'हरताळ फासला' असें आपण म्हणतों, त्या वेळीं खरें पाहतां आपण पोथी लिहिणाऱ्याच्या बैठकीवरचा शब्द उच्चारीत असतों. कागद, दौत, कलम, दप्तर हे सगळे शब्द फारशी-अरबीच्या वाटेनें आले. बोरू आणि टांक मात्र येथलेच राहिले.

रामदासांच्या अगोदर दोन पिढ्या, गंगाखेडाहून परळीच्या वाटेनें पुढें गेलें म्हणजे लागणाऱ्या अंबेजोगाईंत दासोपंत (१५५१–१६१५) लिहीत बसले होते. गीतार्णवासारखा सव्वा लाख ओव्यांचा ग्रंथ लिहिणाऱ्या या पुरुषाला रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. आमच्या विषयाला त्यांचें जें काम लागू पडतें तें कागदावर नाहींच. पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टीची व देहाची रचना कशी झाली हा विषय, त्यांनीं एका पासोडीवर, सुमारें चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा जाड्याभरड्या कापडावर लिहिला. त्यांत सोळाशेंच्या आसपास ओव्या आहेत आणि ओव्यांच्या जोडीला आकृत्या आहेत. ती पासोडी अंबेजोगाईस जपून ठेवलेली आहे. थोर लेखकाला कापडावर लिहिण्याचा छंद लागला, असें म्हणून हा विषय सोडून देणें आम्हांला पटत नाहीं. आकृति आणि तिचें स्पष्टीकरण एका नजरेंत यावें, ही गरज होती. पोथीचें सुटें पान आडवें व अरुंद. त्यावर पंचीकरणाचा पसारा मांडला असता तर चित्राचे तुकडे झाले असते आणि वाचणाऱ्याला पानें मागेंपुढें करीत बसावें लागलें असतें. ज्याला शब्द आणि रेखा एकत्र मांडावयाच्या आहेत त्यानें अगोदर पृष्ठाचा आकार ठरवावा, असा धडा आमच्याच मुलखांत चारशें वर्षांपूर्वीं घालून दिलेला आहे.

कागदाचें पुस्तक कसें बांधावें हें मात्र व्यापाऱ्यांकडून शिकावें. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं मानवतच्या किंवा सेलूच्या पेढींत जी रोजकीर्द आणि खतावणी पूजेला मांडीत, ती लाल खारव्याच्या कापडांत, जाड दोऱ्यानें शिवलेली असे. रकान्यांसाठीं रेघा छापलेल्या नसत. पानाला घड्या घालून सळ पाडीत, आणि तेच सळ रुपये-आण्यांचे रकाने होत. वही उलगडली कीं मांडीवर सपाट पडे. मुनीम एका हातानें वही दाबून धरतो आहे आणि दुसऱ्या हातानें लिहितो आहे, असें दृश्य कोणी पाहिलें नसेल. आजच्या कित्येक गुळगुळीत वह्यांना हें साधत नाहीं.

चित्र काढणाऱ्याची कागदाकडून अपेक्षा निराळी असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या दरबारीं इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट असतांना त्याच्या आश्रयानें गंगाराम तांबट या मराठी चित्रकारानें वेरूळच्या लेण्यांचीं चित्रें काढलीं. त्याचीं कित्येक कामें आज अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहांत आहेत. तांबट हें आडनांव धंद्याचें आहे, आणि वेरूळ कागदीपुऱ्याच्या शेजारींच आहे, हा योगायोग आम्हांला गोड वाटतो. बोरूनें लिहिणाऱ्याला घोटलेला, कांचेसारखा ताव हवा असतो. शिशाची कांडी आणि पाण्यांतले रंग वापरणाऱ्याला मात्र त्याच तावावर पाय घसरल्यासारखें होतें. त्याला किंचित् खरखर लागते, म्हणजे शिसें धरून राहतें, आणि जाडी लागते, म्हणजे पाणी प्यायल्यावर पान सुरकुतत नाहीं. एकाच वहींत लिहावयाचें आणि आकृत्याहि काढावयाच्या, ही मागणी त्यामुळें मुळांतच परस्परविरोधी आहे. दोन्हींचा मेळ घालणारी वही निवडावयाची म्हणजे दोन्हीकडे थोडें सोडावें लागतें.

एवढें सारें शहाणपण लोकांच्या हातीं असतां तें गेलें कसें? १७९९ मध्यें फ्रान्सांत निकोला रोबेर यानें अखंड पट्टा काढणारें कागदाचें यंत्र केलें. १८०७ मध्यें इलिग या जर्मन गृहस्थानें खळीऐवजीं राळ आणि तुरटी लगद्यांतच मिसळण्याची युक्ति प्रसिद्ध केली. १८४४ च्या सुमारास केलर यानें लांकूड दगडावर भरडून लगदा करण्याची तऱ्हा शोधली. तीन्ही शोध मोठे. त्यांच्यावांचून गांवोगांवीं शाळा आणि वर्तमानपत्रें झालींच नसतीं, आणि हातकागदाची आठवण काढून यंत्राला शिव्या देणाऱ्यांत आम्ही नाहीं. पण तुरटीनें कागदांत आम्ल कायमचें पेरलें, आणि भरडलेल्या लांकडांतला जो अंश उजेडानें पिवळा पडतो तोहि कागदांत राहिला. चुन्यानें राखलेला ताव मागें पडला आणि स्वतःला आंतून खाणारा ताव पुढें आला. या नासाडीचें मूळ आम्लांत आहे हें अमेरिकेंत विल्यम बॅरो यानें विसाव्या शतकाच्या मध्यावर प्रयोगांनीं पटवून दिलें, तोंपर्यंत शंभर वर्षांचीं पुस्तकें त्या कागदावर छापून झालीं होतीं.

आमच्या जिल्ह्यावर याचा जो परिणाम झाला तो जरा स्पष्ट सांगितला पाहिजे. परभणी तेव्हां निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होती. मनमाडाहून सिकंदराबादेस जाणारी आगगाडी १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि तिच्याबरोबर गिरणीचा स्वस्त कागद गोदाकांठच्या गांवांत उतरला. पुढें १९३८ मध्यें याच संस्थानांत सिरपूर पेपर मिल स्थापन झाली, १९४२ पासून तिचा कागद निघूं लागला, आणि तिच्याभोंवतीं वसलेल्या गांवाला कागजनगर हेंच नांव पडलें. तिकडे वर्ध्यास महात्मा गांधींनीं १९३४ मध्यें काढलेल्या ग्रामोद्योग संघानें हातकागदाला पुन्हां हात दिला होता, व १९४० मध्यें पुण्यास हातकागद संस्था निघाली. पण तो कागद सामान्य घरांतल्या वहींत यावा इतका कधींच निघाला नाहीं. त्यांतच महायुद्ध आलें आणि कागदाची विलक्षण टंचाई झाली. ज्या पिढीनें १९३८ चा सत्याग्रह केला आणि १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस पाहिला, तिला लिहावयाला मिळाला तो या हलाखीच्या काळांतला कागद. म्हणून आज मराठवाड्यांत एक विपरीत दृश्य दिसतें. पणजोबांच्या हातचा मोडी कागद बासनांतून काढून हातांत धरतां येतो, आणि आजोबांची रोजनिशी मात्र उघडतांच घडीवर मोडते. परभणीच्या घराघरांतून अशा वह्या माळ्यावर पडलेल्या असतील. त्यांच्या मालकांना आमचें कळकळीचें सांगणें आहे कीं फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी लावूं नये. तिचा चीक कांहीं वर्षांनीं तपकिरी होऊन अक्षरांतून पलीकडे जातो, आणि मग ती काढतां येत नाहीं. पानें आहेत तशीं, एकेक करून, चांगल्या उजेडांत छायाचित्रांत उतरवून घ्यावीं, आणि वही प्लास्टिकच्या पिशवींत न कोंडतां धुतलेल्या सुती कापडांत बांधून ठेवावी.

आतां नवी वही. दुकानांत गेल्यावर पहिली चौकशी वजनाची करावी. एक चौरस मीटर कागदाचें वजन किती ग्रॅम, हा आंकडा बऱ्याच वेष्टनांवर 'जीएसएम' या अक्षरांपुढें छापलेला असतो. शाळेची साधी वही पन्नास-साठांच्या आसपास असते. तिच्यावर बॉलपेन चालतें, पण दौतीची शाई मागच्या पानावर उतरते. शाईनें लिहावयाचें असेल तर ऐंशीच्या खालीं येऊं नये, आणि आकृत्याहि काढावयाच्या असतील तर शंभरापासून एकशेंवीसपर्यंत जावें. पण वजन म्हणजे सर्व कांहीं नव्हे. जाड असून टिपकागदासारखा शाई पिणारा कागद आम्हीं पाहिला आहे, आणि पातळ असून एक थेंब न फुटूं देणाराहि पाहिला आहे. समर्थांनीं दाटपणाच्या शेजारींच खळीचा उल्लेख केला तो याचसाठीं. म्हणून स्वतःचें पेन खिशांत न्यावें, दुकानदाराची परवानगी घेऊन नमुन्याच्या वहीच्या शेवटल्या पानावर एक सावकाश रेघ ओढावी, क्षणभर टोंक टेकवून ठेवावें, आणि पान उलटून पाहावें. रेघेला केंस फुटले असतील तर वही परत ठेवावी. मग पान उजेडापुढें धरावें. आंत ढगाळ ठिपके दिसले तर लगदा नीट पसरलेला नाहीं असें समजावें. 'आम्लमुक्त' असा शब्द कोठें छापलेला असल्यास तेवढ्यासाठीं चार रुपये जास्त द्यावे. अशा टिकाऊ कागदासाठीं १९९४ मध्यें आंतरराष्ट्रीय प्रमाणहि ठरलें आहे, आणि त्यांत कागदामध्यें चुनखडीसारख्या पदार्थाचा राखीव सांठा असावा अशी अट आहे. कागदीपुऱ्याचा चुना असा फिरून परत आला.

पाठीची शिवण ही दुसरी परीक्षा. मधोमध तारेचे दोन टांके मारलेली वही पातळ असेल तर ठीक. ती सपाट पडते, पण दमट हवेंत तार गंजून पान तेथेंच कुजतें. नुसत्या डिंकानें चिकटविलेली वही सपाट उघडली कीं पानें सोडूं लागते. तारेच्या वेटोळ्याची वही संपूर्ण मागें वळते, ही तिची सोय. पण समोरासमोरच्या दोन पानांवर एकच आकृति काढावयाची झाली तर ती तार मध्यें आडवी येते. मुनिमाच्या वहीसारखी, घड्यांचे जुडगे करून दोऱ्यानें शिवलेली वही मिळाली तर दुसरी पाहूं नये.

हें एका उदाहरणानें दाखवूं. सेलू तालुक्यांतील वालूर येथें एक जुनी बारव आहे. तिच्या पायऱ्या सरळ न उतरतां वळसे घेत पाण्याकडे जातात. अशी बारव नुसती छायाचित्रानें समजत नाहीं; ती वरून पाहिलेल्या आराखड्यांत, उभ्या छेदांत आणि मापांत मांडावी लागते, आणि प्रत्येक मापाशेजारीं दोन ओळी लिहाव्या लागतात. त्यासाठीं वही घेऊन काठावर बसणाऱ्या तरुणाला कोणती वही द्यावी? रेघांची नको, गडद निळ्या छापील रेघांखालीं पेन्सिलीची रेघ गुदमरते. कोरी द्यावी तर अंदाज चुकतो. पांच मिलिमीटरचे फिक्या राखी रंगाचे चौकोन किंवा नुसते ठिपके असलेला कागद सर्वांत उत्तम. एक चौकोन म्हणजे एक फूट असें ठरविलें कीं मापाचें निम्मे काम कागदच करतो. आराखडा डाव्या पानावर, छेद उजव्या पानावर, आणि वही मांडीवर सपाट. शाळा-महाविद्यालयांच्या प्रात्यक्षिक वहींत एका बाजूस कोरें जाड पान आणि दुसऱ्या बाजूस रेघांचें पान अशी जी योजना असते, तीहि या कामाला वाईट नाहीं. दासोपंतांच्या पासोडीची ती एक गरीब नात म्हणावयास हरकत नाहीं. आकार मात्र फार मोठा नको. पाठीवरच्या पिशवींत न मावणारी वही घरींच राहते.

येथें एक इशारा देणें आवश्यक वाटतें. फार किंमती वही विकत घेतल्यावर तींत लिहिण्याचें धैर्य होत नाहीं, आणि ती कपाटांत कोरीच जुनी होते. आमच्या ओळखीच्या दोन-तीन घरांत अशीं सुंदर कलेवरें आहेत. पूर्वीं मुलें धूळपाटीवर गिरवीत, नंतर दगडी पाटीवर, आणि मुरलेलें अक्षर तेवढें कागदावर येई. ती पायरी आज नाहींशी झाली आहे. म्हणून कच्च्या कामाला पाठकोरे कागद किंवा स्वस्तांतली स्वस्त वही निःसंकोच वापरावी, तींत वेडेंवांकडें खुशाल काढावें, आणि चांगल्या वहींत पुनः उतरवून घ्यावें.

राहतां राहिली शाई. काजळाची शाई कागदावर कोळशाचे कण सोडते आणि उजेडानें विटत नाहीं. जुन्या पोथ्या अजून काळ्याभोर दिसतात त्या तिच्यामुळें. दौतीची निळी शाई बहुधा विरघळणाऱ्या रंगाची असते, आणि श्रावणांतल्या एका गळतीनें तिचें सारें लिखाण निळें पाणी होऊन जातें. मापें घ्यावयाची असतील तर साधी कठीण शिशाची पेन्सिल या दोहोंपेक्षां बरी. शिसें पाण्याला आणि उजेडाला दाद देत नाहीं, फक्त घासण्याला भितें. तेव्हां अशा दोन पानांमध्यें एक पातळ गुळगुळीत कागद ठेवावा, पानाच्या कोपऱ्यांत तारीख, गांव आणि उत्तर दिशेचा बाण काढावा, आणि कडेला दोन बोटें जागा मोकळी सोडावी.